गोलंदाजाच्या घरचं वाचन

आमच्या घरात चार पुस्तकं होती, आणि मी अक्षरं शिकेपर्यंत त्यातली काही बाबांना मुकी होती, काही मायला.

बाबांना बाळबोध आणि मोडी येई. मायला फिरंगी अक्षरं येत. माय गोव्याकडची. तिची मावशी तिकडे एका पाद्रींच्या घरी स्वयंपाकाला होती, आणि त्या पाद्रींनी हौसेने मायला वाचायला शिकवलं होतं. लग्न होऊन ती घाट चढून पुण्याला आली तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन छापील पुस्तकं होती. एक प्रार्थनांचं आणि दुसरं ओव्यांचं. ओव्यांची भाषा आपलीच, जरा कोकणी वळणाची, पण अक्षरं फिरंगी. त्यामुळे बाबांना त्यातलं एक अक्षर लागत नसे, पण मायने वाचलं की शब्दन्‌शब्द कळे. बाबांचं स्वतःचं एक हस्तलिखित बाड होतं, राजे आणि प्रधान यांच्या गोष्टींचं. तोफखान्यातल्या एका म्हाताऱ्या जमादाराने मरताना ते त्यांना दिलं होतं. ते मायला वाचता येत नसे. चौथं पुस्तक तोफांचं. त्याची अक्षरंही फिरंगी आणि भाषाही फिरंगी. त्यातली चित्रं तेवढी बाबा तासन्‌तास बघत बसत.

बाबा श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते. तोफखान्यात आमच्या धर्माची बरीच माणसं होती, त्यांच्यासाठी श्रीमंतांनी शहराच्या पूर्वेला जागा दिली होती आणि तिथे आमचं देऊळ उभं राहिलं होतं. आम्ही त्याला इगर्ज म्हणायचो. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे आळीला लागून ओटा, मागे परसात मायने हट्टाने लावलेला आणि पुण्याच्या हवेत कधीच न वाढलेला एक नारळ. तो बघून आळीतली माणसं विचारायची, "काय, फळ धरलं का?" माय तितक्याच शांतपणे म्हणायची, "धरलं की पहिला तुमच्याच डोक्यावर पडेल असं बघते."

रविवारी इगर्जीतली मिस्साची प्रार्थना आटोपून घरी आलं, जेवणं झाली, की आम्ही ओट्यावर बसायचो. माय तिच्या पुस्तकातलं थोडं वाचायची किंवा बाबा त्यांच्या बाडातलं. आणि मग बोलणं सुरू व्हायचं. त्या बोलण्याचा बाबांनी एक नियम घातला होता. वाचलेली गोष्ट परत सांगायची नाही.

"गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे," ते म्हणायचे. "तुला त्यात काय दिसलं ते बोल. काही दिसलं नसेल तर गप्प बस, त्यात लाज नाही."

माझा थोरला भाऊ पुष्कळदा गप्प बसायचा. मी कधीच नाही. एकदा बाडातल्या एका राजाने दिलेल्या शब्दापायी राज्य सोडलं ते वाचून झाल्यावर मी म्हटलं, "राजाने शब्द पाळला तो ठीक. पण शब्द देताना राणीला विचारलं होतं का?" मी तेव्हा लहान होते. बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गंभीर होऊन मायला म्हणाले, "अगं, हे मला इतकी वर्षं वाचून सुचलं नव्हतं." आपल्या बोलण्याने मोठं माणूस विचारात पडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ती चटक मग सुटली नाही.

मायने मला फिरंगी अक्षरं शिकवली, बाबांनी बाळबोध. असं करता करता चौदाव्या-पंधराव्या वर्षी मी घरातली सगळी पुस्तकं उघडू शकत होते. आळीतल्या बायका मायला म्हणायच्या, "इतकं शिकवून मुलीला काय कारकुनी लावायची आहे का?" मायचं उत्तर ठरलेलं होतं. "दोन माणसांची पुस्तकं एका घरात आहेत, मधे कोणीतरी दुभाष्या हवा ना."

त्याच सुमारास बाबांना कमी ऐकू यायला लागलं.

तोफखान्यातल्या माणसांचे कान जातातच. पण बाबांनी ते आम्हाला कळू दिलं नाही. ते आमच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचे, हसू दिसलं की हसायचे, मान डोलली की मान डोलवायचे. रविवारी मात्र ते जमेना. माय वाचताना मान खाली घालून वाचायची, तिचे ओठ दिसायचे नाहीत. एका रविवारी तिने ओव्यांतलं एका गलबताचं वर्णन वाचलं. वादळात डोलकाठी मोडते तो भाग. वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "बरोबर आहे. लग्नात इतका खर्च करू नयेच."

भाऊ फसकन हसला. त्याला वाटलं बाबा थट्टा करताहेत. मायने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तिथेच थांबलं. बाबांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ते उठले. "मला जरा काम आहे," म्हणाले आणि परसात गेले. परसात त्यांना काहीही काम नव्हतं.

पुढचे किती तरी रविवार ते ओट्यावर बसलेच नाहीत. जेवलं की पागोटं घालून बाहेर पडायचे. आम्ही तिघं बसायचो, माय वाचायची, पण मत द्यायला तोंड उघडलं की कुणाकडे बघून बोलावं ते कळायचं नाही. आम्ही इतकी वर्षं त्यांनाच सांगत होतो, हे तेव्हा लक्षात आलं. काही दिवसांनी माय पुस्तक उघडेनाशी झाली.

मला ते सहन होईना. शेजारच्या पंतोजींच्या शाळेत पोरं धूळपाटीवर गिरवायची. लाकडाची फळी, तिच्यावर विटेची बारीक पूड पसरलेली, काडीने लिहायचं आणि हात फिरवला की पुसलं. मी भावाकडून तसली एक पाटी करून घेतली. पुढच्या रविवारी बाबा पागोट्याला हात घालत होते तेवढ्यात मी ती त्यांच्यापुढे ठेवली आणि लिहिलं, "आज माय बंदरावरच्या बाईची गोष्ट वाचणार आहे."

बाबा संतापले. "मला पंतोजींच्या शाळेत बसवतेस? या वयात?"

मी पुसलं आणि लिहिलं, "तुम्ही नसलात की दादा बोलत नाही, माय वाचत नाही. मी एकटी किती बोलू?"

त्यांनी ते वाचलं. मग माय आतून आली, त्यांच्या हातातलं पागोटं काढून घेतलं आणि खुंटीला टांगलं. ते बसले.

तेव्हापासून आमची नवी पद्धत सुरू झाली. माय वाचे तेव्हा मी तिच्या शेजारी बसून ओवीतलं मुख्य तेवढं पाटीवर उतरवत जाई. बोलणं सुरू झालं की ज्याचं मत त्याने लिहायचं. मायचं मी लिहायचं. बाबा वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. पण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्यातून बाबांचा आवाज तोफांच्या गडगडाटात हुकूम पोचवण्यासाठी तयार झालेला. त्यांची पुस्तकांवरची मतं आता साऱ्या आळीला ऐकू जाऊ लागली.

"प्रधान मूर्ख होता!" ओट्यावरून गर्जना व्हायची, आणि दोन घरं पलीकडे कुणाच्या तरी हातून भांडं पडायचं.

पहिले काही आठवडे लोकांना वाटलं आमच्या घरात भांडणं चालली आहेत. मग हळूहळू ते थांबून ऐकायला लागले. तोफखान्याला कागद पुरवणारे एक कागदी चाचा होते. पांढरी दाढी, बोटं लगद्याने कायमची सुरकुतलेली. ते रविवारी मुद्दाम वाट वाकडी करून यायचे आणि ओट्याच्या पायरीवर बसायचे. म्हणायचे, "जन्मभर कागद केला. लोक त्यावर काय लिहितात ते कधी कुणी सांगितलं नाही. तुमच्याकडे कळतं."

आणि एक पुराणिकबोवा होते. एका सरदारांच्या वाड्यात पुराण सांगून दुपारचे ते आमच्या आळीवरून घरी जात. ते आमच्या ओट्यावर चढणं शक्यच नव्हतं, आमचा विटाळ. पण समोर एक लिंब होता, त्याच्या सावलीत ते उभे राहायचे. पहिल्यांदा थांबले ते तक्रार करायला.

"अहो गोलंदाज," ते म्हणाले, "तोफा तोफखान्यात डागाव्यात. रविवारी आळीत माणसं वामकुक्षी घेतात."

बाबांना अर्थात काहीच ऐकू आलं नाही. ते चाचांना सांगत होते की राजाने प्रधानाला काढलं नसतं तर राज्य बुडालं नसतं.

"साफ चूक!" पुराणिकबोवा ओरडले. "प्रधान राहिला असता तर राज्य आधीच बुडालं असतं!"

मी ते पाटीवर लिहून बाबांना दाखवलं आणि समोर बोट केलं. बाबांनी वर पाहिलं. एका पुराणिकाने आपल्या मताला उत्तर दिलं याचा त्यांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले आणि हात जोडले. पुढच्या वेळेपासून पुराणिकबोवा हातातल्या काठीनेच रस्त्यातल्या धुळीत मोठाल्या अक्षरांत लिहायचे, आणि बाबा ओट्याच्या कडेला येऊन, वाकून, उलट्या बाजूने ते वाचायचे. एखादी बैलगाडी मधून गेली तर अर्धा मुद्दा पुसला जायचा. मग बोवा गाडीवानाला शिव्या न देता एवढंच म्हणायचे, "चला. या मुद्द्याला तसा फारसा अर्थ नव्हताच."

असे ते दिवस चांगले चालले होते. मग एका संध्याकाळी भाऊ तोफखान्यातून आला तो सरळ चुलीपाशी येऊन बसला. तो तेव्हा विशीतला होता, बाबांच्याच हाताखाली शिकत होता. बाबा अजून यायचे होते. त्याचा चेहरा पाहून मायने हातातली उलथणी खाली ठेवली.

"काय झालं?"

"आज सरावाला तोफ डागत होतो," तो म्हणाला. "नळी आतून पुसणारा माणूस अजून तोफेच्या तोंडापाशीच होता. त्याचा बोळा आत अडकला होता. सगळे ओरडले, थांबा, थांबा. बाबांनी बत्ती पुढे केली."

मायने तवा चुलीवरून उतरवला.

"मी त्यांचा हात धरला, म्हणून वाचला तो," भाऊ म्हणाला. "तोफखान्यावरच्या दरोग्यांना वाटलं धुरामुळे दिसलं नाही. बाबाही तसंच म्हणाले. धुरामुळे."

तोफखान्यात बाबांनी कानांबद्दल कुणालाच सांगितलेलं नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्हाला वाटत होतं की ते सगळ्यांना माहीत असेल. आळीला माहीत होतं, इगर्जीत माहीत होतं. पण तोफखान्यात ते निशाणाच्या हालचालीवर आणि शेजारच्यांच्या हातांवर नजर ठेवून निभावून नेत होते, आणि जिथे निभत नसे तिथे भाऊ निभावून नेत होता.

"तू बोल त्यांच्याशी," माय भावाला म्हणाली.

"मी? मी त्यांच्या हाताखाली आहे. तू बोल."

"मी बोलते," माय म्हणाली. पण तो आठवडा गेला आणि ती बोलली नाही. एकदा ती त्यांच्यापुढे पाणी ठेवून उभी राहिलेली मी पाहिली. ते तिच्याकडे बघून हसले, तीही हसली आणि आत आली. मला म्हणाली, "मला लिहिता येत नाही ना तुमची अक्षरं." मला माहीत होतं की कारण ते नव्हतं. गोलंदाजी गेली की बाबांचं काय उरेल, याची तिला भीती वाटत होती.

त्या वेळी आमचे उपवासाचे दिवस चालू होते. ईस्टरच्या आधीच्या त्या दिवसांत माय दरवर्षी ओव्यांतली बंदरावरच्या बाईची गोष्ट पहिल्यापासून वाचायची. एक विधवा असते. बंदरावर उतरलेल्या आजारी खलाशांना ती घरी नेऊन खाऊ घालते, शुश्रूषा करते. तिचा एकुलता मुलगा धक्क्यावरच्या मारामारीत मारला गेलेला असतो आणि मारणारा गलबतावर चढून पळून गेलेला असतो. बऱ्याच वर्षांनी तोच माणूस तापाने फणफणलेला तिच्या दारात येतो. ती त्याला बरं करते. अंगात बळ आल्यावर एके दिवशी तो तिला आपलं नाव सांगतो. ती म्हणते, आधी जेव. एवढीच ती गोष्ट.

आम्ही सगळ्यांनी ती अनेकदा ऐकली होती, आणि दर वर्षी तिच्यावर नव्याने वाद व्हायचा. त्या रविवारी तर आळी भरली होती. चाचा पायरीवर, बोवा लिंबाखाली, शेजारच्या दोन-तीन बायका आपापल्या दारात.

पहिलं मत पुराणिकबोवांनी धुळीत लिहिलं. बाबांनी ते वाकून वाचलं आणि सगळ्यांना ऐकवलं, "बोवा म्हणतात, त्या माणसाला झोप येत नव्हती म्हणून त्याने सांगितलं. त्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, निद्रानाश म्हणतात!"

आळी हसली. चाचा म्हणाले की बाईचं मन इतकं मोठं होतं की त्या माणसाने सांगितलं काय न सांगितलं काय, सारखंच. मी म्हटलं, बाईला पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं. कारण बाकी प्रत्येक खलाशाला ती गाव विचारते, फक्त यालाच विचारत नाही. ओव्यांत नीट बघा. मायने पानं मागे उलटून पाहिली आणि म्हणाली, "खरंच की." मला फार बरं वाटलं.

मग मायचं मत आलं. ती सावकाश बोलली आणि मी लिहिलं. "तापात असताना त्याने सांगितलं असतं तर त्याला काय किंमत? मरणारा माणूस काहीही कबूल करतो. तो बरा झाला, निघून जाऊ शकत होता, तेव्हा त्याने सांगितलं. म्हणून ते खरं."

बाबांनी वाचलं आणि मान हलवली. "नाही!" त्यांचा आवाज पार इगर्जीच्या फाटकापर्यंत गेला असेल. "उशीर झाला! ज्याच्या भरवशावर आपण राहतो त्याला आधी सांगायचं. पहिला घास घेण्याआधी. इतके दिवस तिच्या हातचं खाल्लं आणि गप्प राहिला. तो काही आजारी नव्हता, तो लपला होता!"

मी पाटी पुसली. भाऊ माझ्या शेजारी बसला होता; त्याची मान खाली गेलेली मला दिसली. मायने पुस्तकाच्या पानावर हात ठेवला होता आणि तो हात हलत नव्हता. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलं नाही. मी लिहिलं, "तुम्ही तोफखान्यात सांगितलंत?"

आणि पाटी त्यांच्याकडे वळवली.

आज इतक्या वर्षांनीही मला वाटतं की ते त्या वेळी, तिथेच लिहायला हवं होतं. घरात कोपऱ्यात नेऊन विचारलं असतं तर ते चिडले असते, काहीतरी काम काढून परसात गेले असते. पण ते नुकतेच स्वतःच्या तोंडाने बोलले होते, आणि बाबा ओट्यावर जे बोलत त्यावरून कधी मागे फिरत नसत.

त्यांनी वाचलं. पाटी त्यांच्या हातात होती. हात फिरवला असता तर एका क्षणात ते पुसलं गेलं असतं आणि आम्हा चौघांखेरीज कुणालाच काही कळलं नसतं.

लिंबाखालून बोवांनी विचारलं, "काय लिहिलं मुलीने?"

बाबांना ते ऐकू गेलं नाही, पण बोवांचा वर झालेला चेहरा त्यांनी पाहिला. त्यांनी पाटी दोन्ही हातांनी धरली आणि त्या गोलंदाजी आवाजात मोठ्याने वाचलं, "तुम्ही तोफखान्यात सांगितलंत?"



"नाही," बाबा म्हणाले. या खेपेला त्यांचा आवाज कसा कोण जाणे, खाली आला होता. "सांगितलं नाही. त्या दिवशी एक माणूस मेला असता."

चाचांनी पायरीवरून हात लांब करून बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. बोवांनी काठी उचलली आणि काहीच न लिहिता ती परत टेकवली. बाबा मायकडे वळले आणि म्हणाले, "पुढे वाच." पुढे काही उरलं नव्हतं, गोष्ट संपली होती. तरी मायने प्रार्थनांचं पुस्तक उघडलं आणि त्यातलं पान वाचायला लागली. मी ते पाटीवर उतरवत गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा लवकर निघाले. तिथे काय झालं ते भावाने सांगितलं. बाबा सरळ दरोग्यांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही. गेल्या दसऱ्याच्या आधीपासून येत नाही. त्या दिवशी तो माणूस वाचला तो माझ्या मुलामुळे. धुराचं मी खोटं सांगितलं." आणि बत्तीची काठी त्यांच्यापुढे ठेवली. दरोगे भयंकर संतापले. आजूबाजूची माणसं सांगत होती की इतकं ओरडताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "आणि सगळ्यात वाईट हे की बाबांना त्यातलं काही ऐकूच येत नव्हतं. ते आपले शांतपणे उभे."

माय हे ऐकून हसू लागली. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. मग मीही हसले. बाबांनी विचारलं काय झालं, तेव्हा भावाने लिहून दाखवलं, आणि तेही हसले. तरी ते दिवस सोपे नव्हते. बाबांना घरी बसायला सांगितलं होतं. सकाळी ते तयार होऊन ओट्यावर बसायचे आणि तोफखान्याकडे जाणारी माणसं बघायचे. ज्याच्या अंगावर तोफ उडाली असती तो नळी पुसणारा माणूसही त्या वाटेने जायचा. पहिल्या दिवशी त्याने मान फिरवली. चौथ्या-पाचव्या दिवशी तो थांबला आणि ओट्यापाशी येऊन नुसता उभा राहिला. बाबा उठले आणि त्याच्यापुढे वाकले. तो गडबडून म्हणाला, "अहो, असं काय करताय," आणि भरभर निघून गेला. नंतर रोज तो जाताना हात वर करायचा.

ईस्टरनंतर दरोग्यांचा माणूस आला. तोफखान्यात नवी भरती झाली होती. तोफेचं तोंड किती उचललं की गोळा किती लांब जातो, दारू किती भरायची, हे त्या पोरांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. दरोग्यांचं म्हणणं असं, की बहिरा माणूस बत्तीपाशी नको, पण शिकवायला चालेल. पोरांच्या शंका त्याला ऐकू येणार नाहीत म्हणजे कामही भराभर उरकेल. माणसाने हा निरोप जसाच्या तसा दिला. मी तो जसाच्या तसा लिहिला. बाबा म्हणाले, "दरोग्यांना सांग, शंका मी पोरांकडून लिहून घेईन."

बाबांनी ते तोफांचं फिरंगी पुस्तक तोफखान्यात नेलं. त्याआधी बरेच दिवस ते आमच्या इगर्जीतल्या पाद्रींकडे जाऊन बसले. पाद्रींना ती भाषा येत होती, पण तोफांमधलं काही कळत नव्हतं. बाबांना तोफा कळत होत्या, भाषा येत नव्हती. पाद्री एक ओळ वाचायचे आणि तिचा अर्थ लिहून द्यायचे, बाबा त्यावर म्हणायचे, "हे असं असूच शकत नाही, पुन्हा बघा." पाद्रींनी मायकडे तक्रार केली की बायबलावर प्रवचन करणं यापेक्षा सोपं आहे. तरी ते काम तडीला गेलं. नव्या पोरांना बाबा आवडले. त्यांचं ओरडणं पोरांना आवडायचं, कारण ते रागावून ओरडत नसत. भावाने बत्ती हातात घेतली आणि तो बाबांपेक्षा सावध गोलंदाज झाला. हे बाबा स्वतः सांगायचे, अर्थात सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

पुराणिकबोवा पुढच्या पावसाळ्यानंतर यायचे बंद झाले. सरदारांबरोबर ते शहर सोडून गेले, असं कळलं. चाचा येत राहिले. आमच्याकडे आणखी दोन पोथ्या आल्या, एक चाचांनी आणून दिलेली. रविवारचं बोलणं चालूच होतं.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा एक स्थळ तोफखान्यातलंच आलं. तोफांच्या गाड्यांची चाकं करणारा सुतार, आमच्याच इगर्जीत येणारा. त्याची माणसं बसली, मायने तांदळाची वाफवलेली सान्नं वाढली, मुलीला काय काय येतं ते विचारून झालं. मग बाबांनी घसा साफ केला आणि मुलाला विचारलं, "तू शेवटचं काय वाचलंस?"

त्या आवाजाने त्याच्या आईच्या हातातली वाटी कलंडली. मुलगा लाल झाला. त्याने मान हलवली. काहीच नाही. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने दोन्ही हात उचलून आपल्या कानांमागे धरले आणि बाबांकडे बघत राहिला. वाचता येत नाही, पण ऐकेन, असं त्याला म्हणायचं होतं. बहिऱ्या माणसापुढे आपण कान दाखवतो आहोत हे त्याच्या दोन क्षणांनी लक्षात आलं आणि तो हात खाली घ्यायला लागला.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माय त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागली. मी दाराआडून हे सगळं पाहत होते. कुणी मला विचारायच्या आधीच मी बाहेर आले आणि म्हटलं, "मला पसंत आहे."

नाताळ झाल्यावर आमचं लग्न झालं. त्याने शब्द पाळला. मी वाचते तेव्हा तो मधे बोलत नाही. वाचून झालं की मात्र थांबत नाही.